पाच वाजता आलेल्यांचा रोज

नगर (पाकिटावर मात्र अहिल्यानगर लिहिलंय)
रविवार, दुपार

प्रिय बाळ,



तुझं पत्र मिळालं. हे सगळं फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच, आणि तुमच्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते मला ठाऊक आहे, म्हणून मीही लिहायलाच बसले. शेवटी तू बजावलंयस, "मावशी, वचनं पाठवू नकोस. जो येतो तो एक वचन ऐकवतो, चहा पितो आणि जातो." बरं, वचनं पाठवत नाही. पण तू जे विचारलंयस त्याचं मूळच पवित्र शास्त्रात आहे, तेव्हा ते बाजूला ठेवून मी उत्तर कुठून आणू?

तुझा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुला दिसेल. तुझे सासरे जन्मभर घरात दहशत ठेवून जगले. दारू होती, हात उचलणं होतं, सासूबाईंचा पगार पहिल्या तारखेला काढून घेणं होतं. त्यांच्याच पगारातून घेतलेला प्लॉट सासऱ्यांनी स्वतःच्या नावावर केला. आणि दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणंही होतं. शेवटच्या आजारपणात ते मऊ झाले, रडले. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, प्रभुभोजन झालं. दफनविधीच्या संदेशात वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट झाली, आपला बंधू आता पित्याच्या घरी पोचला आहे असं सांगितलं गेलं आणि सगळे 'आमेन' म्हणाले. सासूबाई समोरच बसल्या होत्या. सबंध संदेशात त्यांचा उल्लेख एकदाच आला, सेवाभावी पत्नी म्हणून. तू विचारतेस, काही आठवड्यांचं रडणं आणि घोटभर द्राक्षरस एवढ्यावर सगळं पुसलं जात असेल, तर त्या बाईने सोसलं ते कुठल्या खात्यात धरायचं? आणि अशा देवाला प्रेमळ म्हणायचं ते कुणाच्या बाजूने बघून?

बाळ, तुला राग आलाय म्हणजे तुझा विश्वास ढळलाय असं मी अजिबात मानत नाही. देवाच्या दयेवर चिडलेल्या माणसांची शास्त्रात रांगच्या रांग आहे, आणि ती सगळी देवाच्या जवळची माणसं आहेत. बाहेरच्याला देवाच्या दयेचा राग येत नाही, त्याला तिच्याशी घेणंदेणंच नसतं. राग येतो तो घरात राबलेल्याला.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट घे. संडेस्कूलमध्ये आपण तिची चित्रं रंगवली, म्हणून ती गोड वाटते. मुळात ती चांगलीच तिखट आहे. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराच्या घरचा एक दिवस निघण्यापुरता पैसा. मालक नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. पार उन्हं कलल्यावर, पाचला जातो, तर तिथे अजून काही जण उभेच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही.

या पाचवाल्यांकडे नीट बघ. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी माणसं उभी असतात. ठेकेदाराचा टेम्पो येतो, अंगापिंडाने धडधाकट बघून माणसं उचलतो, आणि दहा वाजेपर्यंत अड्डा ओस पडतो. मागे कोण उरतं? म्हातारा, लंगडणारा, कडेवर पोर असलेली बाई. आणि एखादा असाही, ज्याला मागच्या कामावर चोरी करताना पकडलं होतं आणि आता कुणीच बोलावत नाही. पाचवाले आळशी होते असं गोष्टीत कुठेही नाही. पण ते गरीब बिचारे सज्जन होते असंही नाही. मालकाने चौकशीच केली नाही! आपण या जागी कधी थांबत नाही.

मग संध्याकाळ होते. मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत द्यावा, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. मालक नियम पाळतो, पण कारभाऱ्याला सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. खरी खोच इथे आहे. पहाटेच्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. ते दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. मालकाने मुद्दाम त्यांना थांबवलं आणि बघायला लावलं. पाचवाल्यांच्या हातावर पूर्ण दिनार पडला तेव्हा पहाटेच्यांचे मनातल्या मनात आकडे सुरू झाले, आणि त्यांच्याही हातावर एकच पडला तेव्हा कुरकूर सुरू झाली. ही कुरकूर कमी मिळाल्याची नाहीच. ठरलेलं पुरेपूर मिळालं होतं. दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीला आणून बसवलंत, ही ती तक्रार आहे.

आणि ही गोष्ट येशूने सांगितली कुणाला? परूश्यांना नाही. त्याच्या आधीच्याच अध्यायात पेत्राने विचारलंय की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? म्हणजे ही गोष्ट पहिल्या बाकावरच्यांसाठी आहे. आपल्या मंडळीतही 'आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा अमक्या मिशनरीच्या हातचा' असं सांगणारी घराणी आहेतच की. दुष्काळात आलेल्यांकडे आणि काल-परवा आलेल्यांकडे ती कशी बघतात ते तू लहानपणी पाहिलंयस. पण ते असो.

ही गोष्ट तुझ्या प्रश्नाला अर्धीच पुरते, हे मला कळतं. पाचवाल्यांनी पहाटेच्यांचं काही बिघडवलेलं नव्हतं, ते नुसते उशिरा आले. तुमच्या घरात तसं नाही. तिथे उशिरा आलेल्याने पहाटेपासून राबणारीला मारलंय. म्हणून तुला योना वाचायला सांगते. चारच अध्यायांचं पुस्तक आहे. मासा दुसऱ्या अध्यायात संपतो आणि आपलं वाचनही बहुधा तिथेच संपतं. तू चौथा वाच.

निनवे म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आण. अश्शूरांचं शहर. अश्शूरांनी इसवी सनापूर्वी 722 च्या सुमारास शोमरोन घेतलं, इस्राएलांचं उत्तरेकडचं राज्य कायमचं बुडवलं आणि माणसं उचलून दूरदेशी नेऊन टाकली. इसवी सनापूर्वी 701 मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातलं लाखीश नावाचं शहर वेढा घालून पाडलं आणि त्याचा देखावा दगडात कोरून निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर लावला. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेली माणसं त्यात दिसतात, आणि बैलगाडीवर संसार लादून देशोधडीला निघालेल्या बायकापोरांची रांग दिसते. आपण केलेला छळ कुणी लपवून ठेवतं, यांनी तो दिवाणखान्यात मिरवला. योनाचं पुस्तक वाचणाऱ्यांच्या कानावर 'निनवे' हा शब्द पडला की हे सगळं उभं राहत असणार.

तिथे जाऊन संदेश दे, असं देव योनाला सांगतो. योना याफोच्या बंदरात जाऊन नेमकं उलट्या दिशेचं, तार्शीशचं गलबत पकडतो. भ्याला म्हणून नव्हे. का पळालो ते तो स्वतःच चौथ्या अध्यायात सांगतो. तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, शिक्षा करायची सोडून देशील हे मला माहीत होतं, म्हणून मी पळालो, असं. सीनाय डोंगरावर देवाने मोशेला आपली जी ओळख सांगितली, जी इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या स्तुती म्हणून गात आलं, तीच ओळख योना आरोप म्हणून देवाच्या तोंडावर फेकतो. शास्त्रात इतकं संतापलेलं बोलणं फार थोड्या ठिकाणी आहे. आणि ते कापून टाकावं असं कुणालाही वाटलं नाही.

देव यावर काय करतो बघ. त्याला झापत नाही. त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक झुडूप उगवायला लावतो. दुसऱ्या दिवशी किडा लागून ते वाळतं, पूर्वेचा होरपळणारा वारा सुटतो, योना मरण मागतो. तेव्हा देव म्हणतो, जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या झुडपाची तुला हळहळ वाटते, आणि या एवढ्या मोठ्या शहराची मला वाटू नये? उजवा-डावा हात ज्यांना कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं इथे आहेत. आणि पुष्कळ गुरंढोरं. बस, पुस्तक इथे संपतं. गुरंढोरं हा शेवटचा शब्द! योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

यहुदी लोक हे पुस्तक योम किप्पूरच्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत कडक उपवासाच्या दुपारी, सभास्थानात मोठ्याने वाचतात. आपल्या अलिबागकडच्या बेने इस्राएल मंडळींचीही रीत तीच, आणि ती तर घरात मराठी बोलणारी माणसं. ज्यांनी आपल्या पूर्वजांना सुळावर चढवलं त्यांना क्षमा झाल्याची गोष्ट, स्वतःच्या पापांची क्षमा मागण्याच्या दिवशी, रिकाम्या पोटी ऐकायची. ज्याने कुणी ही नेमणूक केली त्याला माणसाचं मन आरपार कळलेलं असणार.

तुला निनवेबद्दल आणखी थोडं सांगते, शिक्षकी पेशाची खोड समज. ते शहर आजच्या इराकमध्ये मोसुलला लागून होतं. योनाच्या नावाची जुनी मशीद तिथल्या टेकडीवर होती, ती 2014 च्या जुलैमध्ये इस्लामिक स्टेटवाल्यांनी सुरुंग लावून उडवली. तिथले सुरियानी ख्रिस्ती लोक दरवर्षी मोठ्या उपवासाच्या आधी तीन दिवस निनवेचा उपवास धरतात, आणि केरळातले आपले सुरियानी बांधवही धरतात. ज्या शहरावर दया झाली म्हणून संदेष्टा रुसून बसला, त्या शहराचा पश्चात्ताप आता लोक स्वतःचा म्हणून पाळतात.

सातव्या शतकात या निनवेला एक बिशप मिळाला, इसहाक नावाचा. मूळचा आजच्या कतारच्या बाजूचा. बिशपचं काम त्याने काही महिन्यांतच सोडलं आणि तो डोंगरात जाऊन एकांतात राहिला. त्याची शिकवण अशी की देव न्यायी आहे असं फार जोराने म्हणू नका, कारण तुमच्याशी वागताना त्याने न्याय कुठे केलाय? आणि पुरावा म्हणून तो दाखवतो आपला तोच द्राक्षमळ्याचा मालक, आणि तोच उधळ्या पुत्राचा बाप. त्याची मंडळी रोमच्या चर्चपासून पाचव्या शतकातच वेगळी झालेली, तरी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिसनी त्याचं नाव आपल्या हुतात्म्यांच्या आणि संतांच्या यादीत घेतलं. मला हा इसहाक फार आवडतो. पण तो जिथवर जातो तिथवर माझे पाय जात नाहीत हेही सांगते. डोंगरातल्या संन्याशाला सासर नव्हतं.

उधळ्या पुत्राचा विषय निघालाच आहे तर एवढंच बघ, की त्या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी, धावत. दुसऱ्यांदा थोरल्यासाठी, जो रागाने अंगणातच उभा आहे. मळ्याचा मालकही कुरकुरणाऱ्याला 'मित्रा' म्हणतो. योनाला तर रुसून बसायला सावली मिळते. तिन्ही गोष्टींत शेवटचं बोलणं चुकलेल्याशी नाही, चिडलेल्याशी आहे, आणि पुढे तो काय करतो ते एकाही गोष्टीत सांगितलेलं नाही. आपण या गोष्टी क्षमा मिळालेल्यांच्या म्हणून शिकवतो. मला त्या तुझ्या गोष्टी वाटतात. ज्या दयेने सासऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं असेल, तीच दया आज अंगणात तुझ्याजवळ येऊन उभी आहे, आणि तू आत ये म्हणून तुझा हात ओढत नाहीये.

आता तू म्हणशील, मावशी, एवढं मोठं मन देवाला कशाला? सरळ पात्रतेप्रमाणे घ्यावं ना आत. मलाही वाटतं तसं कधी कधी. पण मग पंडिता रमाबाई आठवतात.

1883 सालची गोष्ट. रमाबाई तेव्हा इंग्लंडात वाँटेजला सिस्टर लोकांच्या मठात राहत होत्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, शास्त्रं मुखोद्गत. त्या सिस्टरनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला पाठवलं. तिथे त्यांचं एक घर होतं, समाजाने 'पतित' ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी. अशा बाईचं काय करावं याबद्दल रमाबाईंनी लहानपणापासून जे ऐकलं होतं त्यात दयेला जागाच नव्हती. इथे त्यांना दिसलं की याच बायकांना कुणी मायेने जवळ घेतंय, आणि त्या सावरून आता दुसऱ्यांची सेवा करताहेत. हे तुम्ही का करता, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. तिने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी आपली लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तत्त्वांवरून त्या पुढेही चर्चशी कडाकडा भांडल्या, कुणाच्या दबावाखाली मान डोलावणारी ती बाई नव्हे. पण फुलहॅमला पाहिलेलं त्या विसरल्या नाहीत. केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं (आपलं नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं), तेव्हा अशाच बायकांसाठी त्यांनी तिथे कृपासदन काढलं.

आता यात बघ. फुलहॅमच्या त्या बायकांनी केलं होतं त्यापेक्षा त्यांच्यावर झालं होतं तेच पुष्कळ. तुझ्या सासऱ्यांशी त्यांची तुलना मी करत नाहीये. पण त्या काळच्या लंडनमध्ये आणि पुण्यात पात्र-अपात्रची यादी कुणी केली असती? पुढच्या बाकावरच्या पुरुषांनी. आणि त्या यादीत त्या बायका बाहेर असत्या आणि त्यांना तिथवर पोचवणारे गृहस्थ आत. तुला वाटतं की पात्रता बघितली असती तर सासरे बाहेर राहिले असते. बाळ, माणसांनी बघितली असती तर ते पहिल्यांदा आत गेले असते. वर्गणी वेळेवर, कोट इस्त्रीचा, आवाज भारदस्त. बाहेर कुणाला थांबवलं असतं याचा विचार कर. नवऱ्याबद्दल बोलण्याचं धाडस करणाऱ्या बाईला. म्हणून यादी माणसाच्या हातात नसलेली मला बरी वाटते, मग त्या दयेत मला नको असलेली माणसं आली तरी.

पण दया फुकट आहे म्हणजे ती स्वस्त आहे असं नव्हे. हिटलरच्या जर्मनीत डिट्रिख बॉनहोफर नावाचा पाळक होता, पुढे 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं. त्याने 1937 साली लिहिलेल्या पुस्तकात या स्वस्त कृपेवरच कोरडे ओढलेत. पश्चात्ताप न मागता वाटलेली क्षमा, कबुलीशिवाय दिलेलं प्रभुभोजन. तुमच्या घरी जे झालं ते वाचून मला त्याचीच आठवण झाली. येशूने तर अगदी व्यवहाराचं सांगून ठेवलंय. वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. प्रभुभोजनाचा प्याला हातात देण्याआधी पाळकसाहेबांनी एकच विचारायला हवं होतं, बाईंशी बोललात का? त्या शेजारच्याच खोलीत होत्या, पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या असं तू लिहिलंयस.

जक्कयाची गोष्ट लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला कुठलीही अट घालत नाही, आपणच म्हणतो की आज तुझ्या घरी मुक्काम. दया आधी आली. पण ती आल्यावर जक्कय उठून उभा राहिला, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याचं चौपट परत, असं सगळ्यांदेखत बोलला. तारण या घरी आलं, असं येशू म्हणाला ते तेव्हा. दया झाल्यावर हिशेबाची वही बंद झाली नाही, ती पहिल्यांदा खरी उघडली.

आणि वधस्तंभावरचा चोर. त्याचा दाखला देणाऱ्यांना मी नेहमी सांगते, पूर्ण वाचा. आपल्याला मिळतंय ते आपल्याच कर्माचं योग्य फळ आहे, असं तो भर गर्दीत मोठ्याने कबूल करतो. परतफेड करायला त्याचे हात मोकळे नव्हते, खिळलेले होते. सासऱ्यांचे मोकळे होते. शेवटपर्यंत सही करता येत होती, असं तूच लिहिलंयस.

मग ते कुठे आहेत आज? तू सरळ विचारलंस, मीही सरळ लिहिते. देवाने दार लावलं असेल असं मी मानत नाही. त्या दारात त्यांनी काय केलं ते मी बघितलेलं नाही, पाळकसाहेबांनीही नाही. मात्र पित्याचं घर म्हणजे जिथे कुणी काही विचारत नाही अशी जागा, ही कल्पना मला शास्त्रात सापडत नाही. माझी समजूत अशी की तिथे पोचलेल्याला आपण काय केलं ते पहिल्यांदाच पूर्ण दिसतं, ज्याला केलं त्याच्या बाजूने दिसतं. प्रेमाने माफ केलेल्याला ते बघणं टाळता येत नाही, आणि ते सोपं नसणार. यापुढे मला काही म्हणायचं नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र पुष्कळ म्हणायचं आहे. मंडळीतल्या भगिनी येऊन त्यांना 'आता मनापासून क्षमा करा' म्हणतात, ते बंद कर. नम्रपणे कर, पण कर. पेत्राला सांगितलेली सत्तर वेळा सात क्षमा या बायकांना पाठ असते. ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, तिच्या थोडं आधी, दुसरंही काही आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जाऊन त्याला एकांतात सांग, नाही ऐकलं तर एक-दोन साक्षीदार ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज, असंही पुढे आहे. सासूबाईंच्या वतीने इतक्या वर्षांत यातली पहिली पायरी तरी कुणी चढलं का? आवाज तर सबंध चाळीला जात होते. आधीच्या पायऱ्या मंडळीने गाळायच्या आणि क्षमेची शेवटची पायरी त्या बाईला एकटीने चढायला लावायची, हा कुठला न्याय? देवाने दया केली तर ती देवाची. सासूबाईंची क्षमा सासूबाईंची. एकीवरून दुसरी वसूल करता येत नाही. त्यांना कधी करावीशी वाटली तर करतील, नाही वाटली तर देवाला रुसलेल्यांशी बोलायची सवय आहे.

तुझ्या दोन व्यावहारिक प्रश्नांकडे येते. कबरीच्या दगडावर उधळ्या पुत्राचं वचन घालावं असं जावईबापूंच्या मनात आहे. त्यांचं दुःख मला समजतं, तो त्यांचा बाप होता आणि लहानपणी त्यांनीही मार खाल्लाय. पण आधी आईला विचारायला सांग, चारचौघांत नव्हे, एकटीला. त्या नको म्हणाल्या तर नाव आणि दोन तारखा पुरेत. स्मरणसभेला त्या येणार नसतील तर त्यांची तब्येत बरी नाही अशी सबब कुणी सांगू नका. येणार नाहीत, एवढंच सांगा.

दुसरं त्या प्लॉटचं. वारसनोंद करायची वेळ येईलच, तेव्हा तो सासूबाईंच्या एकटीच्या नावावर व्हावा. जावईबापूंनी आणि नणंदेने हक्कसोडपत्र करून द्यावं, नोंदणीकृत, नुसत्या साध्या कागदावर नको. बापाला जे करायचं सुचलं नाही ते मुलांना करता येतं, आणि जक्कयाने चौपट दिलं होतं, इथे नुसतं मूळ परत करायचंय. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड अजून कपाटात कुलपात आहे असं लिहिलंयस, ते आजच काढून त्यांच्या हातात दे, पिन त्यांना स्वतःला बदलायला शिकव. हे पत्र जावईबापूंना वाचायला द्यायला माझी हरकत नाही.

तुझी,
मावशी